एकदा दाबलं की हरिपाठ

अँप्लिफायर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? गणपतीच्या मांडवामागे वायरींच्या भेंडोळ्यात बसलेला एखादा पोऱ्या, नाहीतर वरातीच्या गाडीवरचे ते छाती धडधडवणारे डबे. घरातल्या बाईने काडेपेटीएवढा अँप्लिफायर आणून स्वतःच्या हाताने गाण्यांचा डबा जोडावा, तोही हजार रुपयांच्या आत, हे ऐकून आमच्या गल्लीत आधी हसूच झालं. मी वैजापुरात बावीस वर्षं ब्लाऊज शिवते. हूक, काजं, अस्तर यातच आयुष्य गेलं. पण मैत्रिणींनो, खरं सांगते, बाहीची गोलाई बसवणं याच्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

हे खूळ डोक्यात शिरलं ते आमच्या आत्याबाईंमुळे. (आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.) वय ७९. हातपाय ठणठणीत, पण काचबिंदूने नजर गेली. डोळ्यामागची नस सुकली की गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी सांभाळायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आता त्यांना उजेड-अंधार कळतो, दारात कुणी उभं राहिलं तर सावली कळते. दिवसभराची सोबत म्हणजे कान. आणि इथेच घोडं अडलं. घरात वाजणारी वस्तू एकच, मोबाइल. त्याच्या काचेला ना उंचवटा ना खळगा, चाचपून काय कळणार? मग नातवाला हाक. "बाळा, हरिपाठ लाव रे." तो लावून द्यायचा. मध्येच साबणाची जाहिरात. मध्येच कुणाचा फोन, की हरिपाठ बंद. पुन्हा हाक. हळूहळू हाका कमी झाल्या. "राहू दे, त्याचा अभ्यास असंल," असं म्हणून त्या गप्प बसून राहायच्या. घरातले म्हणायचे, आत्याबाई आता शांत झाल्यात. मला ती शांतता काही बरी वाटेना.

तयार मशीन नाही का मिळत? मिळतं की. २०१७ मध्ये सारेगामाचा 'कारवाँ' निघाला, आत ५००० जुनी गाणी भरलेली. कितीतरी घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना त्याने सुख दिलं आहे. पण त्याची किंमत हजारांत, बटणं भरपूर, आणि मुख्य म्हणजे आत्याबाईंना जे ऐकायचं होतं ते कुठल्याच दुकानात नव्हतं. ते आमच्या माळ्यावर बुटाच्या खोक्यात होतं. चौदा कॅसेट. बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ, सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात कुणीतरी टेप करून आणलेली कीर्तनं, आणि एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर पेन्सिलीने लिहिलेलं, 'लग्न १९९३, हळद'. माझ्या नणंदेच्या लग्नात हळद दळताना बायकांनी म्हटलेल्या ओव्या. जात्याला आत्याबाई, त्यांच्या थोरल्या जाऊबाई आणि माझ्या आजेसासूबाई. त्यातल्या दोघी आता नाहीत.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. नव्वदच्या दशकात त्यातल्या कितीतरी टेपही केल्या. आता तो सगळा खजिना 'परी' या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतो. एकदा तरी ऐकाच. पण माझ्या मनात आलं, आपल्या घरातली ही एक कॅसेट मात्र त्या लाखात नाही. ती सांभाळणार कोण? आपणच.

म्हणून पहिलं काम कॅसेटचं. ज्यांच्या माळ्यावर असं खोकं आहे त्यांनी उशीर करू नये. फितीवर पांढरी बुरशी धरते. टेपरेकॉर्डरमधला रबरी पट्टा सैल होतो आणि मग आवाज रडका, लांबट येतो. ओळखीच्या मेकॅनिककडून मी जुन्या टेपचा पट्टा बदलून घेतला, कापसाला स्पिरिट लावून त्याचं हेड पुसलं. टेपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर लॅपटॉपला. आमच्या लॅपटॉपला आवाज आत घ्यायचं वेगळं भोक नाही, म्हणून एक छोटं यूएसबी साउंड कार्ड लागलं. 'ऑडॅसिटी' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हे सगळं भरून घ्यायचं. इथे घाई चालत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात. मी एकीकडे टेप लावून दुसरीकडे तुरपाई करत बसायचे. चौदा कॅसेटना पंधरा दिवस लागले. एमपी-३ केल्यावर साध्या दर्जाला मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते. म्हणजे नखाएवढ्या १६ जीबीच्या कार्डात अडीचशे तासांहून जास्त मावतात. आपलं अख्खं खोकं त्यात कोपऱ्यात पडून राहतं.

आता डबा. संभाजीनगरला पॉलिटेक्निकला असलेल्या माझ्या भाचीने यादी करून दिली आणि एका रविवारी रोटेगावहून गाडी धरून मी स्वतः सामान आणलं. दुकानदाराने विचारलंच, "मुलाच्या प्रोजेक्टला का?" मी म्हटलं, "सासूच्या."

त्यातला 'डीएफप्लेअर मिनी' हा बोर्ड दोन बोटांच्या पेराएवढा, सोळा पायांचा. यात कार्ड घालायचं, हा गाणी वाचतो. दुसरा बोर्ड 'पीएएम ८४०३', हा अँप्लिफायर. ५ व्होल्टवर दोन स्पीकरना प्रत्येकी ३ वॅट देतो. ३ वॅट म्हणजे फार नाही, पण एका खोलीला भरपूर. हा 'क्लास डी' जातीचा आहे. म्हणजे आवाज सलग वाढवण्याऐवजी तो सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद, चालू-बंद करत राहतो आणि त्या उघडझापीतून आवाज मोठा होतो. त्यामुळे तो फारसा तापत नाही आणि बॅटरी खात नाही. यातला गोल बटणवाला प्रकार मागून घ्या. ते बटण फिरवलं की 'टक्' होऊन चालू, मग पुढे आवाज कमी-जास्त. जुन्या रेडिओसारखं. आत्याबाईंच्या बोटांना ही 'टक्' पाठ होती.

सोल्डरिंग म्हणजे आपल्या भाषेत डाग देणं. कासार देतो, सोनार देतो, तेच. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. तार आणि पाय दोन्ही आधी तापवायचे आणि मग कथिलाची तार टेकवायची. कथिल गरम टोकावर वितळवून थेंब टाकला तर तो वरवर बसतो आणि चार दिवसांत सुटतो. चांगला डाग चकचकीत आणि उतरत्या कडेचा दिसतो. खिडकी उघडी ठेवा, त्या कथिलात शिसं असतं, काम झालं की हात साबणाने धुवा आणि हे काम ओट्यावर करू नका. ज्या बाईला सुईत दोरा ओवता येतो तिला हे दोन दुपारींत जमतं.

एक गोष्ट मात्र ठळक सांगते. या अँप्लिफायरला स्पीकरच्या चार तारा असतात. दोन्ही स्पीकरच्या वजा तारा एकत्र जोडून वायर वाचवू नका आणि त्या बॅटरीच्या वजालाही लावू नका, आयसी जळतो.

स्पीकर विकत घेतले नाहीत. अडगळीतल्या जुन्या डबा टीव्हीत दोन चांगले स्पीकर होते. पण तो टीव्ही मी उघडला नाही, मेकॅनिककडून उघडून घेतला. काचेच्या नळीचा टीव्ही बंद असला तरी आत जबर दाबाची वीज साठलेली राहू शकते. तिथे काटकसर नको.

बॅटरी १८६५० नंबरचा एक लिथियम सेल, ३.७ व्होल्टचा. दोन्ही बोर्ड तेवढ्यावर नीट चालतात. चार्जिंगसाठी 'टीपी ४०५६', संरक्षण असलेला. पॉवर बँकच का नाही लावली, असं आमच्या ह्यांनी विचारलं. तर बऱ्याच पॉवर बँक कमी वीज ओढली गेली की 'काम संपलं' समजून आपोआप बंद होतात. हळू आवाजातला हरिपाठ त्यांना काम वाटत नाही!

सगळं जोडून लावलं तर गाण्यामागे बारीक टिकटिक. कार्ड वाचताना प्लेअर झटक्याझटक्याने वीज ओढतो आणि दोन्ही बोर्डांची तार एकच असली तर अँप्लिफायरला तो झटका ऐकू येतो. मिक्सर लावला की घरातला दिवा डोळे मिचकावतो ना, तसंच. सेलपासून दोन्ही बोर्डांना वेगवेगळ्या तारा नेल्या आणि अँप्लिफायरजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. हा पाण्याच्या टाकीसारखा थोडी वीज साठवून धरतो. टिकटिक गेली.

मला सगळ्यात मजा आली ती खोक्याची. नुसता स्पीकर हातात धरून वाजवला तर आवाज चिरका येतो. कारण त्याचा पडदा पुढे आवाज ढकलतो तसाच मागेही, आणि मागचा आवाज वळसा घालून पुढे आला की जाड सूर एकमेकांना खाऊन टाकतात. तो मी रिकाम्या मातीच्या माठाच्या तोंडावर पालथा ठेवून पाहिला, आणि काय सांगू, पखवाजाचा 'धा' एकदम पोटातून आला. पिठाच्या स्टीलच्या डब्यावर ठेवला तर डबाच किणकिणायला लागला. म्हणून लाकूडच बरं. सुताराकडे बारा एमएम प्लायचे तुकडे पडलेले असतात. त्याने ते कापून, गोल भोकं पाडून दिली. आत जुन्या गोधडीचा कापूस पिंजून भरला, म्हणजे आवाज घुमत नाही.

हिशोब विचाराल म्हणून सांगते. प्लेअर १५०, अँप्लिफायर ८०, कार्ड ३००, सेल १५०, चार्जिंगचा बोर्ड ४०, बटणं-वायरी-कपॅसिटर ५०, सुतार १००, मेकॅनिक ५०. झाले ९२०. आयर्न आणि कथिलाचे तीनशे, टेपचा पट्टा आणि साउंड कार्ड हे वेगळे. ते पुढेही उपयोगी पडतात.

बटणं दोनच ठेवली, पुढचं आणि मागचं. पुढच्यावर कोटाचं मोठं बटण चिकटवलं, मागच्यावर शर्टाचं छोटं. शिवणयंत्राच्या खणातून आणखी काय निघणार? या स्वस्त प्लेअरची खोड अशी की बंद करून पुन्हा लावला की आधी कुठे थांबला होता ते त्याला आठवत नाही, पुन्हा पहिल्यापासून. आणि गाण्याचा क्रम तो नावावरून नाही, कार्डात कोणतं आधी उतरवलं त्यावरून धरतो. म्हणून मी एकेक करून, ठरवलेल्या क्रमाने उतरवलं. मोठं बटण एकदा दाबलं की हरिपाठ. दोनदा, काकडा. तीनदा, कीर्तन. चौथ्यांदा, हळदीच्या ओव्या. डोळे लागतातच कशाला.

आत्याबाईंनी पहिल्या दिवशी डबा मांडीवर घेऊन बराच वेळ नुसता चाचपला. मग मोजून चार वेळा दाबलं. जात्याची घरघर, बांगड्या, कुणीतरी खोकलं, आणि ओवी सुरू झाली. त्या ऐकत राहिल्या. जाऊबाईंचा आवाज त्यांनी लगेच ओळखला, स्वतःचा ओळखला नाही. "ही कोण गं, इतकी ताठ म्हणती?" मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्हीच." "छट," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "मधली एक ओवी खाल्ली बघ मी. नंणदेची." आणि ती त्यांनी तिथेच म्हणून दाखवली. मी मोबाइलवर टेप केली. आता कार्डात ती वेगळी आहे, पाचव्या नंबरला.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. आता पहाटे चारला काकडा लागतो. आमचे हे उशी डोक्यावर घेऊन ओरडतात, "आत्ता तरी बंद कर म्हणावं!" आत्याबाई बटण थोडं मागे फिरवतात. बंद करत नाहीत. लाइट गेली तरी डबा चालू, सेल दोन दिवस पुरतो. चार्जिंगचा लाल दिवा त्यांना दिसत नाही म्हणून ते काम माझ्याकडे, एक रात्र सोडून.

"हे तुला कुणी शिकवलं?" असं आजकाल खूपजणी विचारतात. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे खेड्यातली मुलं-मुली वेल्डिंग, शेती, स्वयंपाक आणि इलेक्ट्रॉनिक्स, सगळं हाताने करून शिकतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅबही उभी राहिली. मला असं काही मिळालं नाही. आमच्या शाळेत मुलांना वायरिंग आणि आम्हाला भरतकाम अशीच वाटणी होती. भाचीने दोन तास शेजारी बसून शिकवलं तेवढंच. पण मला वाटतं, भरतकाम वाया गेलं नाही. त्यानेच हात स्थिर झाला.

सध्या माझ्या मशीनच्या खणात आणखी दोन बोर्ड आहेत. एक माझ्या आईसाठी. दुसरा मागच्या गल्लीतल्या जिजींसाठी, त्यांच्याकडे भारुडाच्या नऊ कॅसेट निघाल्या. जिजींना ऐकू कमी येतं, म्हणून ३ वॅट पुरतील असं वाटत नाही. 'टीडीए २०३०' वापरावा लागेल, तो १२ व्होल्टवर चालतो, पण तापतो फार, त्याला ॲल्युमिनियमची पट्टी जोडावी लागते. त्याआधी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेऊन आणते. येत्या रविवारी पुन्हा रोटेगावहून गाडी. जिजी म्हणतात, मीपण येते दुकानात, बघू तरी काय काय असतं तिथं.