अंतरपाट आणि अंगठा

लग्नात फोटो काढणाऱ्या माणसाची खरी परीक्षा एकाच क्षणी होते. मंगलाष्टके संपतात, शेवटचे ‘सावधान’ होते आणि अंतरपाट बाजूला होतो. वधू-वर एकमेकांकडे पाहतात, जेमतेम दोन सेकंद. मग हार, वाजंत्री, गर्दी. ती नजर पुन्हा मिळत नाही.

भाच्याच्या लग्नात मी ती घालवली. कॅमेरा नवा होता, महागाचा, व्यावसायिक छायाचित्रकार वापरतात तसला. अंतरपाट दूर झाला, मी बटण दाबले आणि काहीच झाले नाही. अक्षतांचा पाऊस पडत होता, मध्येच कुणाचा तरी हात आला होता आणि लेन्स बिचारी पुढे-मागे फिरत त्या तांदळांवर नजर ठरवू पाहत होती. फोटो निघाला तेव्हा पहिला हार पडला होता. कॅमेऱ्यात बिघाड नव्हता. तो डब्यातून जसा निघाला तसाच मी वापरत होतो. अल्बम पाहताना बहिणीने काही विचारले नाही, तेच जास्त लागले.

झाले होते ते असे. बटण अर्धे दाबले की कॅमेरा प्रकाश मोजतो आणि फोकसही ठरवतो. पूर्ण दाबले की फोटो. पण स्थिर वस्तूंसाठीच्या फोकसच्या पद्धतीत, चित्र स्पष्ट झाल्याची खात्री पटेपर्यंत कॅमेरा शटर उघडतच नाही. एकाच बोटावर दोन कामे, आणि एक अडले की दुसरेही अडते.

यावरचा उपाय कॅमेऱ्यातच असतो, फक्त मेन्यूच्या पोटात. ‘कस्टम फंक्शन’ किंवा ‘कस्टम सेटिंग’ या नावाच्या पानांवर, कोणत्या बटणाने काय करायचे हे आपल्याला ठरवता येते. कॅननने १९८९ मध्ये ‘ईओएस ६३०’ या फिल्मच्या कॅमेऱ्यात फोकसचे काम पाठीमागच्या बटणाकडे देण्याची सोय केली होती. पुढे वरच्या दर्जाच्या कॅमेऱ्यांवर ‘एएफ-ऑन’ असे खास बटणच आले. आता अंगठ्याने फोकस आणि तर्जनीने फोटो.

मांडवात याचा उपयोग कसा? मंगलाष्टके चालू असतानाच मी बाजूला जागा धरतो. वधूच्या मुंडावळ्यांवर अंगठ्याने फोकस ठरवतो आणि अंगठा उचलतो. आता वधू आणि मी जागचे हललो नाही तर अंतर तेच राहते. मग अक्षता उडोत, हात येवोत, तर्जनी दाबली की फोटो निघतो. मी पाऊलभर जरी सरकलो तर मात्र अंगठा पुन्हा टेकवायला हवा. ही सवय अंगवळणी पडायला मला पंधरा-वीस दिवस लागले. एक तोटाही सांगतो. आपणही एका फोटोत असावे म्हणून कॅमेरा मेहुण्यांच्या हाती दिला. त्यांनी बिचाऱ्यांनी नेहमीप्रमाणे बटण दाबले आणि सगळे कुटुंब धूसर आले. अंगठ्याचे सांगायचे राहूनच गेले होते!

दुसरी सोय म्हणजे आठवणीचे कप्पे. कॅननच्या २००५ च्या ‘५डी’वर डायलवर ‘सी’ हा एक कप्पा होता, २००७ च्या ‘४०डी’वर असे तीन झाले. एका कप्प्यात मी मांडवातले विधी ठेवतो, शटर सेकंदाचा दोनशेवा भाग. दुसऱ्यात ग्रुप फोटो, अ‍ॅपर्चर एफ/८, म्हणजे मागच्या रांगेतले काका-मामाही स्पष्ट येतात. विधी आटोपून ‘चला, सगळे उभे राहा’ अशी हाक आली की डायल एक घर फिरवायचे.

नायकॉनच्या ‘डी३००’, ‘डी७००’ वगैरे कॅमेऱ्यांत ए, बी, सी, डी अशा ‘बँका’ होत्या. त्यांत एक गोम होती. घाईत केलेला बदल त्या बँकेतच राहून जायचा. शनिवारी रात्रीच्या वरातीसाठी वाढवलेला आयएसओ रविवारी भर उन्हात तसाच! २०१० च्या ‘डी७०००’वर नायकॉनने डायलवरच यू१, यू२ दिले. तिथे काहीही फिरवा, डायल फिरवून परत आणले की तुम्ही साठवलेली मूळ मांडणी हजर. मला हीच पद्धत शहाणपणाची वाटते. मांडवात कोण कुठे काय बदलले याचा हिशेब ठेवणार?

फोकस झाल्यावर वाजणारी ‘पीप’ मात्र पहिल्याच दिवशी बंद करा. होमाच्या वेळी ती गुरुजींच्याही कानात जाते.

आणि एक सोय अशी, की जिची मला सर्वांत जास्त भीती वाटते. अनेक कॅमेरे कार्ड नसतानाही शटर उडवू देतात, आणि ती मोकळीक कित्येकदा सुरूच असते. दुकानात गिऱ्हाईकाला कॅमेरा दाखवायला हे ठीक. मांडवात मात्र आवाज होतो, काही कॅमेऱ्यांत पडद्यावर चित्रही दिसते, आणि साठत काहीच नाही. हा पर्याय मेन्यूतून बंद करता येतो, मग कार्ड नसले की बटणच चालत नाही. दोन कार्डांची जागा असेल तर प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरवण्याची सोयही सुरू ठेवावी. नायकॉनच्या ‘डी३’मध्ये ती २००७ मध्येच होती.

आता आरसा नसलेले कॅमेरे आले आहेत. ते डोळा ओळखून फोकस त्यावरच ठेवतात, अक्षतांनी पूर्वीइतके फसत नाहीत. पण त्यांच्याही मेन्यूत बटणांची पाने आहेत आणि तीही कारखान्यातून कुणासाठीच लावलेली नसतात. धाकट्या भाच्याच्या लग्नाला मी तसाच कॅमेरा नेणार आहे. आदल्या रात्री जेवणे झाल्यावर सुनेला दारात उभी करून, नातवाच्या हातात मूठभर तांदूळ देऊन, दहा-बारा फोटो काढून पाहीन म्हणतो.