वऱ्हाड तळेगावलाच उतरलं पाहिजे!



समजा, तळेगाव दाभाड्याच्या लग्नाला पुण्याहून शंभर जणांचं वऱ्हाड लोकलनं निघालं. पण काही खडकीला उतरले, काही पिंपरीला, काही देहू रोडला. मांडवात पोचले जेमतेम पाच! कशी फजिती होईल, नाही?

कॅन्सरच्या औषधाचं असंच होतं बरं का! ते रक्तातून अंगभर फिरतं. भराभर वाढणाऱ्या पेशी मारणं हे त्याचं काम. पण केसांच्या मुळाशी, तोंडात, आतड्यात निरोगी पेशीही भराभर वाढत असतात. त्यांनाही मार बसतो. म्हणून पेशंटला मळमळतं, केस गळतात. असं कुणी दिसलं तर टक लावून पाहू नका, हसू तर मुळीच नका. बहुतेकांचे केस उपचार संपल्यावर पुन्हा येतात.

मग औषध इवल्याशा डबीत घालून पाठवलं तर? अशा डबीला म्हणतात नॅनोकण. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. 1995 साली अमेरिकेत मंजूर झालेलं 'डॉक्सिल' हे कॅन्सरचं औषध सुमारे 100 नॅनोमीटरच्या स्निग्ध पिशवीत भरलेलं असतं. कॅन्सरच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईनं वाढलेल्या, त्यामुळे झिरपऱ्या असतात. पिशव्या तिथून आत शिरतात. हृदयाला होणारा अपायही कमी होतो.

पण डबी केवढी हवी? तिला लेप कसला द्यायचा? एकेक करून पाहायचं, तर वर्षं जातील. चाकणच्या पट्ट्यात बनणाऱ्या गाड्या आधी कॉम्प्युटरवर आपटून पाहतात, हे तुम्ही ऐकलं असेल. तशीच युक्ती इथंही चालते.

पुण्यात टीसीएसची संशोधन संस्था आहे. तिथल्या राकेश गुप्ता आणि बीना राय यांनी 2017 साली असाच एक अभ्यास प्रसिद्ध केला. तो त्वचेतून औषध देण्यासाठी होता, पण रीत तीच. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये त्वचेचा स्निग्ध पडदा उभा केला. काही अणूंचा मिळून एक मणी धरला. कोणता मणी कुणाला ओढतो, कुणाला ढकलतो, याचं गणित मांडलं. मग 2 ते 5 नॅनोमीटरचे सोन्याचे कण त्यावर सोडले. विद्युतभार नसलेले कण सुमारे 200 नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पन्नास लाखाव्या भागात, पडद्यात शिरले! भार असलेले मात्र वरच चिकटून बसले.

म्हणजे कॉम्प्युटरनं औषध शोधलं का? छे! पडद्यावरचा तुकडा म्हणजे आख्खं शरीर नव्हे. पुढे प्रयोगशाळा, प्राणी आणि मग माणसं, अशा परीक्षा द्याव्याच लागतात. पण जे कण नापास होणार, त्यातले पुष्कळसे आधीच बाजूला काढता येतात. तेवढा वेळ वाचतो, आणि आजारी माणसाला वेळच तर हवा असतो!

"गुरुजी, या गणिताचा उपयोग काय?" असं वर्गात नेहमी कुणीतरी विचारतं. आता तुम्हीच सांगा पाहू!