रुळांवरची सर्कस – भाग ४ : हत्तीवाल्याची नोकरी

बार्नमची सर्कस १८७२ साली रेल्वेवर कशी चढली, ते आपण पाहिले. पुढे रिंगलिंगसारख्या सर्कशी शंभराच्या घरात डबे घेऊन अमेरिकाभर हिंडू लागल्या. रोज नवे गाव, दोन खेळ आणि रातोरात मुक्काम हलवायचा. या धबडग्यात हत्ती शिकवणारा माणूस नेमके काय करत असे?

शिकवणे हा त्याच्या कामातला लहानसा भाग. ते हिवाळ्यात, मुक्कामाच्या तळावर होई. हंगाम सुरू झाला की तो निम्मा हमालांचा मुकादम. पहाटे गाडी यार्डात लागली की हत्ती उतरवायचे, एकीची शेपटी दुसरीच्या सोंडेत देऊन मैदानापर्यंत चालवत न्यायचे. लगेच कपाळावर चामड्याची गादी बांधून त्यांना कामाला जुंपायचे. पाऊस झाला असेल तर बघायलाच नको. चिखलात रुतलेले गाडे घोड्यांना हलत नसत, तिथे हत्तींची डोकी लागत. मग पाणी, वैरण. एका हत्तीला दिवसाला शंभरेक किलो चारा, म्हणजे कळपाचा हिशेब सोपा नव्हे.

कळपात जवळजवळ सगळ्या आशियाई हत्तिणी असत. माजावर आलेला नर गावोगाव फिरवणे कोणाच्याच आवाक्यातले नव्हते. डब्यात त्यांना आडवे उभे करत. कोण कोणाशेजारी, हे मुख्य हत्तीवाला ठरवी. न पटणाऱ्या दोघी शेजारी आल्या तर रात्रभर डबा हादरे. हाताखालची पोरे त्याच डब्यात गवतावर झोपत.

या पोरांची भरती मात्र भलतीच सैल होती. १९१६च्या सप्टेंबरात टेनेसीतल्या किंग्सपोर्ट गावी स्पार्क्स सर्कशीच्या मेरी नावाच्या हत्तिणीने रेड एल्ड्रिज या माणसाला ठार मारले. तो नुकताच कामाला लागला होता, हत्तींचा अनुभव नव्हता. तरी हातात अंकुश देऊन त्याला तिच्या पाठीवर बसवले होते. दुसऱ्या दिवशी अर्विनच्या रेल्वे यार्डात, डबे उचलायच्या क्रेनला लटकवून मेरीला फाशी दिले. शिक्षा हत्तिणीला झाली. नवख्याला पाठीवर चढवणाऱ्यांना कोणी जाब विचारल्याचे दिसत नाही.

दुसऱ्या टोकाला वॉल्टर मॅक्लेन. रिंगलिंगचा हा हत्तीप्रमुख. १९४२ साली मालकांनी नृत्यदिग्दर्शक बॅलन्शिन आणि संगीतकार स्ट्राव्हिन्स्की यांच्याकडून चक्क हत्तींचा बॅले बसवून घेतला : पन्नास हत्ती, पन्नास नर्तकी, हत्तींनाही झालरीचे घागरे! स्ट्राव्हिन्स्कीचा ताल क्षणाक्षणाला बदलणारा. सर्कशीच्या ठरलेल्या बँडला सरावलेल्या जनावरांना तो जड जाणार, ही धास्ती होतीच. तालमीचा भार मॅक्लेनवर होता. त्याच ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडला जनावरांच्या तंबूला आग लागली, तेव्हा त्याच्या हाकेवर हत्ती बाहेर पडले. काही होरपळून दगावले. ही हाक कमावायला वर्षे जातात. पण तिच्या जोडीला साखळदंड आणि अंकुश कायम असत, हेही विसरू नये.

त्या वर्षाअखेरीस रेल्वेतून सामान उतरवताना एका गाड्याखाली सापडून मॅक्लेन गेला.

पुढच्या आठवड्यात त्याच सर्कशीच्या पिंजऱ्यांकडे वळू. तिथे पुण्याचे दामू धोत्रे बिबळ्यांबरोबर काम करत होते.