अंगावर गांध का उठते?

पट्टीच्या कडेने हातावर जरा दाबून एक रेघ ओढा आणि थोडा वेळ पाहत राहा. प्रथम रेघेपुरती लाली दिसेल. जोर पुरेसा असेल तर ती लाली दोन्ही बाजूंस पसरेल आणि शेवटी रेघेच्या जागी गांध उठेल. सर टॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९२७ साली या तीन पायऱ्यांचे सविस्तर वर्णन केले.

जेथे ओरखडा तेथे लाली, हे समजते. पण जेथे पट्टी लागलीच नाही, तेथली कातडी लाल का व्हावी? लुईस यांनी दाखविले की हे काम मज्जातंतूंचे आहे. मज्जातंतू झडून गेलेल्या कातडीवर ही लाली पसरत नाही.

कातडीतल्या मज्जातंतूला झाडाच्या मुळासारखे फाटे असतात. इजेची वर्दी मेंदूकडे जाते, हे आपण शाळेत शिकलो. तीच वर्दी मेंदूला विचारायला न थांबता शेजारच्या फाट्यात शिरते व कातडीकडे परत वळते. तेथे मज्जातंतूच्या टोकांतून काही रसायने बाहेर पडतात. यांनाच न्यूरोपेप्टाइडे म्हणतात. अमिनो आम्लांच्या या आखूड साखळ्या होत. १९३१ साली ऑयलर व गॅडम यांना सापडलेल्या 'सबस्टन्स पी'मध्ये अवघी ११ अमिनो आम्ले आहेत. त्याच्यामुळे केशवाहिन्यांच्या भिंती सैल होतात, रक्तातला द्रव बाहेर पाझरतो आणि सूज येते. शिवाय ते मास्ट पेशींना डिवचते. त्यांतून सुटलेले हिस्टामीन पुन्हा मज्जातंतूंना चेतवते. खाजवावे तितकी खाज वाढते, त्याचे एक कारण हेच. 'सीजीआरपी' हे दुसरे न्यूरोपेप्टाइड रक्तवाहिन्या रुंद करते, म्हणून कातडी लाल व गरम होते.

परंतु मज्जातंतू केवळ आगीत तेल ओततात असे नाही. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला कातडीत फाटे फुटलेल्या पेशी दिसल्या. त्याने त्यांना मज्जापेशी मानले. पुढे कळले की त्या प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी आहेत. परका पदार्थ पकडून लढाऊ पेशींना दाखविणे हे त्यांचे काम. विद्यार्थी चुकला खरा, पण अगदीच नाही! सीजीआरपी असलेले मज्जातंतू या पेशींना बिलगून असतात आणि ते रसायन त्यांच्या कामाला आवर घालते, असे १९९३ साली दिसून आले. दाह भडकविणारे आणि आवरणारे हात असे एकाच घरातले आहेत.

हे ज्ञान केवळ पुस्तकी नाही. कुष्ठरोगाचे जंतू कातडीतल्या मज्जातंतूंनाच पोखरतात. संशयित चट्ट्यावर हिस्टामीनचा थेंब ठेवून सुईने टोचले, तर गांध उठते, पण मज्जातंतू निकामी झाले असल्यास भोवती लाली पसरत नाही. लुईस यांचे निरीक्षण असे निदानाच्या कामी आले.

खाजणारी, लाल होणारी कातडी आपल्याला नकोशी वाटते. पण अधिक काळजी करावी ती मुक्या कातडीची. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श वा चटका कळत नसेल, तर लाज न धरता सरकारी दवाखान्यात जावे. औषध मोफत मिळते, रोग बरा होतो. मात्र पार झडलेला मज्जातंतू सहसा पूर्ववत होत नाही, म्हणून वेळ दवडू नये.