पुरानंतर घर व कोठार वाळविण्याची साधने

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर येऊन भंडारा शहरातील व नदीकाठच्या गावांतील घरांत पाणी शिरले. पूर ओसरला म्हणजे घर वाळले असे नव्हे. भिंतीत मुरलेली ओल सावकाश निघते. दिवाळीच्या सुमारास नवे धान येईपर्यंत ती राहिली, तर कोठारातील धानास बुरशी लागून वर्षाची मेहनत वाया जाते.

साधन निवडताना प्रथम हवामान पाहावे. बाहेर कोरडे ऊन असल्यास दारे-खिडक्या उघडून, भिंतीलगत वारा वाहील असा पंखा लावावा. झड लागली असता दमट हवा आत घेऊन लाभ नाही. खोली बंद करून हवेतील बाष्प काढणारे यंत्र चालवावे. ते महाग असल्याने भाड्याने आणावे किंवा गावाने मिळून घ्यावे. तारतंत्र्याने वीजजोडणी तपासल्याखेरीज कोणतेही यंत्र लावू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटविणे प्राणघातक होय. मातीच्या भिंतीस प्रखर उष्णता दिल्यास तडे जातात.

शेवटी प्लॅस्टिकच्या तुकड्याच्या चारही कडा भिंतीस चिकटवून तो एक दिवस ठेवावा. आतून पाण्याचे थेंब दिसल्यास शेतकरी बंधूंनी धान भरण्याची घाई करू नये.