परीक्षा जूनमध्ये सुरू होते

नसरापूरवरून वेल्ह्याकडे वळलं, मार्गासनी आणि विंझर मागं पडलं, की समोर १४०३ मीटर उंचीचा तोरणा येतो. तिथवर डांबर आहे. पुढे वाडीवर जायचं तर मुरमाची चढण, ओढ्यावरचा साकव, भातखाचराचा बांध आणि शेवटी घराचं दीडेक फूट उंच जोतं. भोरच्या हिर्डस मावळात गेलात तरी थोडाफार हाच क्रम. धडधाकट माणूस हे अंतर बोलता बोलता कापतो. ज्याचे पाय चालत नाहीत त्याच्यासाठी ते चार वेगवेगळे अडथळे आहेत, आणि प्रत्येकाला निराळं उत्तर लागतं.

दवाखान्यात दिसते ती चाकाची खुर्ची गुळगुळीत फरशीसाठी जन्माला आली. तिची पुढची दोन चाकं वीतभर, कडक रबराची. मुरमात ती अडखळतात, चिखलात रुततात, आणि एकदा रुतली की बसलेला माणूस पुढे तोंडावर येतो. मागच्या चाकांच्या कडीला ढकलत ढकलत चढ चढणं म्हणजे खांद्यांचा सत्यानाश. शिवाय प्रत्येक ढकलीनंतर हात सुटतो, आणि हात सुटला की खुर्ची मागे येऊ पाहते.

या दुखण्यावर निघालेल्या यंत्रांपैकी मला सगळ्यात शहाणं वाटतं ते ‘लिव्हरेज्ड फ्रीडम चेअर’. अमेरिकेतल्या एमआयटीचा एमॉस विंटर २००५ साली विद्यार्थी म्हणून टांझानियात गेला होता, तिथल्या चाकाच्या खुर्च्यांची स्थिती पाहायला. खडबडीत वाटेवर चालेल आणि घरातही वापरता येईल अशी खुर्ची तिथं मिळत नव्हती. पुढे त्याने आणि त्याच्या विद्यार्थी-सहकाऱ्यांनी जे बनवलं त्यात मोटर नाही, बॅटरी नाही. दोन्ही बाजूंना एकेक उभा दांडा, दांड्याला जोडलेली सायकलची चेन आणि फ्रीव्हील, मागे दोन मोठी चाकं आणि पुढे लांबवर एकच चाक. दांडा पुढे ढकलला की खुर्ची पुढे जाते, पूर्ण मागे खेचला की ब्रेक लागतो.

आता यातली गंमत. सायकलला गिअर असतात ते दातांच्या चकत्या बदलून. इथे गिअर म्हणजे स्वतःचा हात. दांडा वरच्या टोकाला धरला तर जोर जास्त, वेग कमी: चढासाठी आणि चिखलासाठी. खाली बुडाशी धरला तर थोड्या हालचालीत चाक जास्त फिरतं: सपाट डांबरासाठी. हात वर-खाली सरकवून जोरात सुमारे तिप्पट फरक पाडता येतो. पहार वापरणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावं लागत नाही. दगड हलत नसेल तर तो पहार टोकाला धरतोच.

पण पहिला नमुना बाहेर कितीही पळाला तरी घरात फसला. पूर्व आफ्रिकेतल्या चाचणीत वापरणाऱ्यांनी सरळ सांगितलं की खुर्ची जड आहे, रुंद आहे, दारातून आत येत नाही. पुढच्या आवृत्तीत वजन आणि रुंदी दोन्ही उतरवली. दांडे काढून ठेवले की ती साध्या खुर्चीसारखी चालते. भारतातली चाचणी ‘जयपूर फूट’ हा कृत्रिम पाय बसवणाऱ्या संस्थेबरोबर झाली. नंतर हीच कल्पना अमेरिकेतल्या डोंगरवाटांवर भटकणाऱ्यांसाठी सुधारून विकली गेली. गरिबांसाठी केलेली वस्तू श्रीमंतांनी उचलावी असं क्वचित घडतं.

जयपूर फूटची गोष्ट याच जातीची, फक्त तिथं विद्यार्थ्यांच्या जागी एक कारागीर होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबर आणि लाकूड वापरून असा पाय बनवला, की तो लावून उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, अनवाणी चालता येतं. तोवरचे विलायती पाय बुटात बसवायचे होते. भातलावणीच्या चिखलात बूट घालून कोण उतरतं? मावळातल्या माणसाला हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण पाय बनवणाऱ्यांना तो बराच काळ सुचला नव्हता.

पुणे परिसरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या गटाला वाडीवर चालेल अशा खुर्चीचा नमुना करायचा तर हत्यारांची वानवा नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्री. श्री. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, हाताने काम करत शिकवण्यासाठी. तिथे २००२ च्या सुमारास फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या हत्यारांची कार्यशाळा आली, एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी २०१४ मध्ये ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र उभं केलं, आणि पुण्याची सीओईपी ही अभियांत्रिकीची संस्था त्याच्या जाळ्यात आली. तिथे डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलाशी बसतात, आणि काम गरज ठरवण्यापासून सुरू होऊन वस्तू वापरात येईपर्यंत चालावं अशी अपेक्षा असते.

बहुतेक कॉलेजांत मात्र प्रोजेक्टचं काम ‘ब्लॅक बुक’ म्हणजे अहवालापाशी संपतं. काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं, आत सर्किटच्या आकृत्या, आणि नमुना लॅबच्या कपाटावर. सेन्सर लावलेल्या, मोबाइलवरून चालणाऱ्या खुर्च्या मी प्रदर्शनांत बऱ्याच पाहिल्या. त्या सगळ्या गुळगुळीत फरशीवर उभ्या होत्या.

वाडीवरचं काम टेपपासून सुरू करावं लागतं. मोठ्या माणसाची साधी खुर्ची सव्वीसेक इंच रुंद. जुन्या घराचं दार त्याहून अरुंद निघालं तर पुढची सगळी हुशारी अंगणातच राहते. उताराचा सरकारी मापदंड एकास बारा. म्हणजे दीड फूट जोत्याला अठरा फूट लांब उतार हवा, आणि अंगणच तेवढं नसतं. मग खुर्ची जोत्याखाली ठेवून माणूस पडवीत कसा सरकेल, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर बहुधा चाकात नसून एखाद्या फळीत किंवा बसक्या पायरीत सापडेल. ते सांगेल तोच, जो रोज ती पायरी बसून चढतो. त्याला पहिल्या दिवसापासून गटात घेतलं पाहिजे. शेवटी अभिप्रायाचा फॉर्म भरायला नव्हे.

विंटरच्या एका गृहीतकाशी मात्र माझं भांडण आहे. सायकलचे भाग वापरले म्हणजे गावोगाव दुरुस्ती होईल, हा त्याचा हिशेब. मावळच्या चढांवर आता सायकलपेक्षा मोटारसायकलच जास्त दिसतात. स्पोक ताणून रीम सरळ करणारा हात शोधावा लागेल. चेन-स्प्रॉकेट बदलणारा मेकॅनिक बाजाराच्या गावात भेटतो. ६२०२ नंबरचं बेअरिंग पंख्यापासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळीकडे बसतं. इथला नमुना इथल्या दुकानांच्या फळ्या पाहून बनायला हवा.

आणि खरी अडचण कॅलेंडरची आहे. प्रोजेक्ट एप्रिल-मेमध्ये सादर होतो, तेव्हा वेल्ह्याची जमीन कडक, कोरडी आणि सगळ्यांत दयाळू असते. जूनमध्ये पाऊस धरतो. बेअरिंगमध्ये पाणी जातं, चेनला गंज चढतो, चाकाच्या खाचांत लाल माती बसते, बसण्याचं कापड आठ दिवस वाळत नाही आणि त्यावर बुरशी येते. नमुन्याची परीक्षा सुरू होते त्याच महिन्यात तो बनवणारी मुलं नोकरीला लागलेली असतात. यावर तोडगा फार मोठा नाही. गटात दोघं तिसऱ्या वर्षाची घ्यायची, मेमध्ये मार्क घ्यायचे, आणि खुर्ची कपाटावर न चढवता ज्याच्यासाठी केली त्याच्या पडवीत ठेवून यायची. सोबत एक वही, काय मोडलं आणि कुठल्या दिवशी ते लिहायला. भातकापणीच्या सुमारास त्या दोघांनी पाना आणि ग्रीसचा डबा घेऊन परत जायचं, आणि पुढचं चाक उघडून आत काय झालंय ते बघायचं.