बटाट्याच्या शेतांतील घरांचा कारखाना

कारखाना म्हटला की पट्ट्यावरून सरकत जाणारी वस्तू आणि तिच्यापुढे आपापल्या जागी खिळलेले कामगार डोळ्यांपुढे येतात. परंतु दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना राहावयास घरे मिळेनात, तेव्हा न्यूयॉर्कनजीकच्या लाँग आयलंडवरील बटाट्याच्या शेतांत लेव्हिट अँड सन्स या कंपनीने १९४७ साली ही पद्धत नेमकी उलटी केली. घर हलत नाही, म्हणून माणसे हलू लागली.

बांधकामाचे सुमारे २७ टप्पे पाडले गेले. एक टोळी केवळ पाया ओती, दुसरी केवळ भिंतींचे सांगाडे उभारी, तिसरी केवळ रंग देई, आणि आपले काम उरकताच प्रत्येक टोळी शेजारच्या भूखंडावर जाई. लाकूड अगोदरच मापाबरहुकूम कापून येई, त्यामुळे निष्णात सुताराची निकड उरली नाही. तळघर गाळून काँक्रीटचा थर थेट जमिनीवर ओतावयाचा आणि त्यातच पुरलेल्या तांब्याच्या नळ्यांतून ऊन पाणी खेळवून घर उबदार राखावयाचे, या योजनेने खोदाईचा खर्च वाचला. कामाच्या ऐन भरात दिवसाला तीस घरे उभी राहत. १९५१ पर्यंत त्यांची संख्या १७,४४७ झाली, आणि या वसाहतीस लेव्हिटटाऊन हे नाव मिळाले.

तथापि केवळ यंत्रशिस्तीने एवढी घरे खपली नसती. १९४४ च्या कायद्यान्वये माजी सैनिकांच्या गृहकर्जास सरकारने हमी दिल्यामुळे सावकारी पेढ्या निर्धास्त झाल्या, आणि अनेकांना पदरची रक्कम आगाऊ न भरताच सुमारे आठ हजार डॉलरचे घर लाभले.

अनेकांना, सर्वांना नव्हे. प्रारंभीच्या करारांत गौरेतरांना, घरकामाचे नोकर वगळता, तेथे राहण्यास मनाई करणारे कलम होते. अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. कलम गेले, रिवाज मात्र राहिला. पेनसिल्व्हेनियातील दुसऱ्या लेव्हिटटाऊनमध्ये १९५७ साली पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहावयास आले, तेव्हा त्याच्या घरावर दगड पडले. घरांच्या विक्रीतील वर्णभेदास देशभर मनाई करणारा कायदा १९६८ साली झाला. तोवर लाँग आयलंडवरील त्या वसाहतीचे बांधकाम संपून सतरा वर्षे लोटली होती.